निरोप जसाच्या तसा

मी, बाजारात चष्मेवाल्या वहिनी म्हणून ओळखली जाणारी, वय ५२ वर्षे, धंदा चष्म्याचे दुकान, राहणार दुकानाच्या माडीवर, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी व माझे पती दोघेही परवानाधारक हौशी रेडिओचालक. फोन बंद पडले की बिनतारी संचावरून निरोप पोचवतो. त्याचा मोबदला घेत नाही.

आपत्ती नियंत्रण कक्षात आम्हाला पूर्वी थारा नव्हता. एका पुरात आमच्यातल्या एकाने निरोपात स्वतःचा अंदाज घातला आणि बोट भलतीकडे गेली. कक्षाच्या साहेबांनी "तुमचा खेळ घरी खेळा," असे सांगून आम्हाला बाहेर काढले. तेव्हापासून निरोपात आपला एक शब्दही घालायचा नाही, असे आम्ही ठरवले. पती कक्षाच्या दर पूर-सरावाला जाऊन कक्षाबाहेरच्या बाकावर संच लावून बसत व ऐकलेले जसेच्या तसे आत कळवत. असे पुष्कळ दिवस चालले. शेवटी साहेबच बाहेर आले व "आत बसा हो चष्मेवाले, किती लाजवाल?" असे म्हणाले.

घटनेच्या दिवशी सकाळी नदीला पाणी वाढले. पती संच घेऊन पलीकडच्या काठावरील पंपघरावर गेले. मी कक्षात बसले. दुपारी सर्व फोन बंद पडले. बाकी बोटी कामावर असल्याने कक्षाकडे एकच उरली होती. पतींचा निरोप आला तो असा: "सूतगिरणीच्या छपरावर माणसं अडकलीत, लहान मुलं आहेत. बोट आधी तिकडे पाठवा. मी इथं सुखरूप आहे." मी तो मोठ्याने सांगितला.

साहेबांनी विचारले, "वहिनी, ते नक्की सुखरूप आहेत ना?"

मी म्हणाले, "निरोप तसा आहे, साहेब."

"पुन्हा विचारा."

मी पुन्हा विचारले. पती म्हणाले, "अगं, सांगितलं ना. एकदम झकास." मागे दवाखान्यात त्यांना ऑपरेशनला आत नेत होते तेव्हाही ते असेच म्हणाले होते. ही गोष्ट मी साहेबांना सांगितली नाही. निरोपात ती नव्हती. बोट सूतगिरणीकडे गेली.

त्यानंतर पतींचा आवाज आला नाही. मी हाक देत राहिले. साहेब शेजारी उभे होते. त्यांनी मला थांबा म्हटले नाही. छपरावरची सगळी माणसे काठावर उतरवून बोट तशीच पंपघराकडे गेली. पंपघर जागेवर नव्हते.

साहेबांनी खात्री न करता बोट दुसरीकडे पाठवली, अशी माझ्या थोरल्या दिरांची तक्रार आहे. त्यांचा पाठचा भाऊ गेला, म्हणून मी त्यांना काही बोलले नाही. परंतु साहेबांनी दोनदा विचारले होते. त्यांनी आमच्या शब्दावर भरवसा ठेवला. छपराबद्दलचा शब्द खरा निघाला. साहेब नंतर घरी आले होते. त्यांना पाणी दिले, ते त्यांच्या हातातच राहिले. पुढच्या सरावाला मी येणार आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. 'पती' या शब्दाआधी सगळीकडे 'मयत' लिहावे लागेल, असे ते म्हणाले. मी "लिहा" म्हणाले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.