संचालक मंडळाची सांदणं

पालीच्या एसटीच्या रांगेत मनिषाने फोन उगाच कानाला लावला होता. ऐकत होती ती पुढच्या दोघांचं.

"हाशिमचाचा, मिरजोळ्यातली तुमची मासळीची कंपनी का बुडाली? माझ्या पीएचडीसाठी पाहिजे."

"मासळी मिळेना, तरी दुसरा कारखाना काढला गो, हुदा."

"संचालकांपैकी कोणीच विरोध नाही केला?"

"सगळे भाऊ नि मेव्हणे. सभा थोरल्याच्या घरी, जेवायच्या वेळी. भाभीची सांदणं नि मटण तोंडात असताना विरोध कोण करणार?"

"हाच माझा निष्कर्ष! घरचीच माणसं असली की चूक कोणी दाखवत नाही."

"तुझा गाईड कोण?"

"मामू."

"आणि प्रबंध तपासणार कोण?"

"मामूंचे साडू."

"मग पास होशील. आमची कंपनीपण बुडेपर्यंत दरवर्षी ऑडिटात पास व्हायची."