सार्जंट-मेजर टॅपस्कॉट लग्नाला येतात

—नाही, नाही, चहात दूध तूच घाल. आणि ते मिस्टर टॅपस्कॉट, मिस्टर टॅपस्कॉट बंद कर. सार्जंट-मेजर म्हणायचं. तूही लष्करी पोलिसातलीच ना? मग! उभा जन्म त्या खात्यात घासलाय मी. तर काय म्हणत होतीस—नातीचा हात धरून मी तिला चर्चमध्ये—चर्च नाही? बरं, टाऊन हॉलमध्ये—घेऊन यावं. पदकं लावून. आणि तिथे पुढे तिची वाट बघत कोण उभं? तू. ब्रॉनवेनबाई. दोघी युनिफॉर्ममध्ये, आणि बाहेर तुमचे दोस्त तलवारींची कमान धरून. वा! काय थाट! रोवेना स्वतः का नाही आली विचारायला? रडते? रडू दे. लहानपणापासून रडतेच ती.

नाही येणार मी. सांग तिला. सांग, आजोबांचे पाय दुखतात. नाहीतर नकोच, खरं तेच सांग—आजोबांना लाज वाटते.

हसू नकोस. कायदा बदलला, तुमच्यासारख्यांना फौजेत उघड राहता येतं, म्हणून सगळं झालं का? काय बिघडलं म्हणतेस? शिस्त बिघडली. शेजारच्या खाटेवर कोण झोपलंय, त्याच्यावर भरवसा नको?—काय? तुझ्या तुकडीत कुणाची तक्रार नाही? करतील कशी, भितात तुम्हाला आता. आमच्या वेळी असलं सापडलं की फौजेतून हकालपट्टी, तुम्ही भीत होतात, ते बरं होतं. जर्मनीतल्या ब्रिटिश छावणीत आमची जीप बायकांच्या बराकीपुढे थांबली की आतली कुजबुज बंद. गाद्या उलट्या करायच्या, पत्रं मोठ्यानं वाचायची, सगळ्यांसमोर. सुरुवात हॉकीच्या संघापासून—अगं खरंच, तिथेच सापडायच्या. एका पोरीचं कापडी अस्वल होतं. चिठ्ठ्या असतील म्हणून पोट फाडलं मी त्याचं. आत काही नव्हतं, नुसता भुसा. पण त्या भुशाकडे बघून ती जी हुंदके द्यायला लागली, ती कबुली देऊनच थांबली. अजून हसू येतं मला.

हेझलचं ऐकलंयस ना? हेझल क्रॅडॉक. लोर्नानं नाही सांगितलं? माझी लेक, तुझी होणारी सासू—तिनंच म्हटलं असेल काहीतरी. नाही? बरोबर, ती नावच काढत नाही. दोघी एकाच छावणीत ड्रायव्हर होत्या. मैत्रिणी म्हणे. कसली मैत्रीण! मी पकडली हेझलला, आणि समोरचा चहा निवायच्या आत माझ्या लेकीचं नाव सांगून मोकळी. असली तिची माया. मी बाप, लोर्नाचं नाव बाहेर जाऊ दिलं नाही. हेझलला फौजेतून काढून बोटीनं घरी घालवली. आयर्लंडमधल्या कामगिरीचं पदक होतं तिला, त्याची रिबन मी माझ्या हातानं कोटावरून कातरली. तिच्या बापाला फोनही मीच केला, का घालवली ते नीट समजावून. आणि लोर्नाला म्हटलं, बघ, ही तुझी हेझल. त्यानंतर लोर्ना गाईसारखी गरीब झाली. माझ्या हाताखालच्या केनेथशी लग्न केलं, पोर झाली. म्हणजे तुझी रोवेना मीच तुला दिली म्हणायची! आभार मान.

काय? चौकशीत बोलतं कसं करायचो? आता कशी धंद्याचं बोललीस. मारायचं नाही. ओरडायचंसुद्धा नाही. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. ती शांतता माणसाला सोसत नाही गं, तोच काहीतरी बोलून भरायला जातो. सगळ्या बोलल्या. एकीनं मात्र माझा घाम काढला. सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसून राहिली, पाण्याचा घोट दिला नाही, तरी कुणाचं नाव घेईना. आणि शेवटी माझ्या डोळ्यांत बघून म्हणते कशी, "साहेब, पुढे विचारू नका. तुमच्याच घरासाठी सांगते." मला! तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की—

कोण म्हणजे? होती कुणीतरी. इतक्या पोरी, नावं कुठे ध्यानात राहतात. घर—घर म्हणजे उगाच म्हणाली असेल. चहा पी. अगं असं बघतेस काय? आणि गप्प बसू नकोस! हे लष्करी पोलिसांच्या शाळेत मीच शिकवलंय, माझ्यावर नको चालवूस.

बरं, तीच. हेझलच. झालं समाधान? नाही घेतलं तिनं लोर्नाचं नाव. एकदाही नाही. मग लोर्नाला काय सांगायला हवं होतं मी—की ती बया तुझ्यापायी दिवसभर तहानेली बसली? गेली असती लोर्ना तिच्यामागे, त्याच बोटीनं. आणि राहिल्या असत्या दोघी कुठेतरी—सुखात, हो, सुखातच, तू नको सांगूस मला! आणि मी? माझ्या वर्दीकडे बघून मेसमध्ये कोण कोण हसलं असतं, ठाऊक आहे?

कोट कशाला घालतेस? लोर्नाला सांगणार? सांग की. पण सार्जंट आहेस, जरा डोकं चालव. केनेथ दोनदा हॉस्पिटलातून आलाय, लोर्ना त्याला भरवते. तिला जाऊन सांगणार, की सगळा जन्म फुकट गेला, बाई? आणि तुझ्या रोवेनाला सांगणार, की तू एका थापेतून जन्मलीस? लग्नाच्या तोंडावर? नाही सांगणार. तुझ्या तोंडाकडे बघूनच कळतंय मला. इतकी वर्षं तोंडंच वाचली मी.

मग असं कर—मी येतो. खरंच येतो. पदकं पुसून ठेवतो. रोवेनाला सांग, आजोबा कबूल झाले, नाचेल पोर. मी तिचा हात तुझ्या हातात देईन, लोर्ना पहिल्या रांगेत केनेथचं ब्लँकेट नीट करत बसेल, आणि तू माझ्याकडे बघून हसशील. फोटोसाठी. उघड राहायची फार हौस ना तुम्हाला? मग हे ने आता घरी, आणि झाकून ठेव, मरेपर्यंत, तिच्या शेजारी झोपून.

जा. आणि दार ओढून घे, वारा येतो.