झुरळ म्हणू नकोस

अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासूबाई, त्यांची सून आणि सुनेच्या मांडीवर धापा टाकणारी नात बसली होती.

“आई, रिपोर्टमध्ये स्पष्ट झुरळ लिहिलंय.”

“हळू बोल! चारचौघांत शोभतं का?”

“डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं. सिंकखालचा गळका पाइप दुरुस्त करा, उष्टी भांडी रात्रभर ठेवू नका, माळ्यावरची खोकी काढा.”

“चांगली खोकी आहेत. मिक्सरचं तर बारा वर्षं जपलंय मी.”

“त्यातच पिढ्या नांदतायत त्यांच्या.”

“ती आपली नाहीत. वरच्या मजल्यावरून येतात.”

“चार वर्षं राहतायत, आता आपलीच म्हणायची. आणि औषध मारणाऱ्याला दारातून परत का पाठवलंत?”

“गाडीवर हे एवढं झुरळ रंगवून आला होता मेला! अख्ख्या बिल्डिंगसमोर नाक कापलं गेलं असतं.”

“आजी, मला दम लागतोय.”

“लागणारच गं बाळा, बाहेर धूळ किती! डॉक्टरांना धूळच सांगायची हं.”

तेवढ्यात कंपाउंडर दारात आला.

“झुरळाच्या अ‍ॅलर्जीचे पेशंट कोण? त्यांना आधी घेतोय, चला.”

पंधरा-वीस माणसं पंख्याकडे बघत बसली. सून उठू लागली, तर सासूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

“कुणीच नाही? बरं, धुळीचे कोण?”

सगळी खोली खोकत उभी राहिली. मीसुद्धा.