सिस्टीमला कळलं

हसू नका गं, माझं डोकं अजून तापलेलं आहे! परवा मी स्वयंपाकघरात घसरून पडली. पाय असा मुरगळला की उठताच येईना. आमचा समीर भिंतीपलीकडच्या खोलीत. मी ओरडून राहिली, "समीर! अरे समीर!" पण साहेब डोळ्यांवर व्हीआरचा तो डबा अन् कानांवर हेडफोन चढवून समुद्राच्या तळाशी मासे पाहून राहिले होते.

मी पडली ते माझ्या घड्याळाला मात्र कळलं. समीरनंच दिलेलं ते. त्यानं समीरला अन् आमच्या सुनेला, नेहाला, निरोप धाडला. समीरचा फोन टेबलावर वाजत राहिला. नेहा सिविल लाइंसच्या ऑफिसातून इथं गोरखपुर मोहल्ल्यातल्या आमच्या घरापर्यंत स्कूटी पळवत आली. तिनं मला उठवलं, पायाला बर्फ लावला, तेव्हा कुठे समीर बाहेर आला.

"आई, काय झालं?"

सांगितलं. वाटलं, घाबरेल. तर हा खूश!

"बघ, आता कंप्यूटर घड्याळात, दिव्यात, दरवाज्यात, सगळीकडे असतो. आपल्याला लक्षच द्यावं लागत नाही. सिस्टीमने काम किया ना?"

"सिस्टीमनं केलं रे," मी म्हटलं. "घरभर कंप्यूटर पसरवला अन् तू स्वतः त्याच्यात जाऊन बसला. मग घरात माणूस कोण राहिलं?"

नेहा हळूच म्हणाली, "आई, मी आहे ना."

तेव्हा तर मला आणखीच राग आला. तिनं काहून असावं? ती ऑफिसात होती. घरात तर तो होता!