एकशे सतरा नंबर, दोनदा

—नाही नाही, त्या खुर्चीवर बसू नका कोकिळाताई, सरकी चिकटली हाय तिले. छी! लोहाऱ्यात ऑफिस घेतलं अन् पस्तावलो पाहा — बाजूले जिनिंग, पंख्यात रुई, कीबोर्डात रुई, जिन्यात खऱ्र्याच्या पिचकाऱ्या. किळस येते मले. उभ्याच राहा. दाखवा ते कापूस मोजायच्या रांगेचे दोन्ही टोकन. एकशे सतरा... अन् हे बी एकशे सतरा. वेळ बी तोच, सेकंदासकट! अन् कापूस केंद्रावाले म्हणतात का, खिडकी दोनवरच्या बाईनं आपल्या तांड्याच्या बाबूसिंगले चोरून नंबर देल्ला. सोमवारी काढून टाकतीन म्हणे तुम्हाले. काय अक्कल हाय! नंबर मशीन काढते, बाई कुठून काढणार? पण मशीन चुकतच नाही असं कोनी सांगतलं त्यायले? — मीच सांगतलं. जाऊ द्या.

आता पाहा. नंबर वाढवणं म्हणजे तीन कामं — जुना वाचा, एक मिळवा, नवा लिहा. समजा फळ्यावर एकशे सोळा लिहून हाय. खिडकी एकनं वाचला, अन् तिनं नवा लिहायच्या आत तुमच्या खिडकीनं बी तोच वाचला. मग? दोघी एकशे सतराच लिहितीन ना! म्हणून ही तिन्ही कामं एका दमात व्हा लागतात, मधात कोनी बोट घालायचं नाही. त्याले ॲटॉमिक म्हणतात. इथं माह्या हाताखाली होती त्या आभानं प्रोग्राममधी बरोबर लिहिलतं तसं. पण मशीनले ते थेट समजत नाही — माहा कंपायलर त्याले आधी एका मधल्या भाषेत उतरवते, मग मशीनच्या. त्या मधल्या भाषेत ॲटॉमिकची खूण गळली. — गळली म्हणजे काय? पऱ्हाटीचं फूल-पातं हाय काय आपोआप गळायले?

काढली. मी काढली. त्या खुणेनं काम हळू होते ताई, अन् चाचणीच्या दिवशी केंद्राचे साहेब लोकं घड्याळ धरून बसलते समोर. आभा म्हणे, सर, राहू द्या ते. मी म्हटलं, कंपायलर तू लिहिला का मी? गेली सोडून. अन् तपासलं नाही असं नाही हं! दहा हजार नंबर काढले, एक बी दुबार नाही — एकाच खिडकीवरून. एका खिडकीवर दुबार येईन कसा? थू! गाढवाले बी समजलं असतं. तिकडं वजनकाट्यापाशी दोन्ही एकशे सतरावाले भिडले, खिडकी एकवाल्या देवसिंगचं डोकं फुटलं, पाच टाके पडले, अन् मी इथं बसून रुई झटकून राह्यलो.

काय? लिहून देऊ? चूक मशीनची हाय, बाईची नाही — माह्या सहीनं? अवो, पुढच्या महिन्यात अकरा केंद्रांवर हेच बसवून राह्यले. कळंबपासून झरी जामणीपर्यंत. खूण परत घालीन ना मी, गुपचूप, कोणाले पत्ता बी लागणार नाही. — अशा पाहू नका माह्याकडे. तुम्हाले इथं या म्हणून सांगतलं कोनी?

आभानं?

...बरं. जा तुम्ही. दुसरी नोकरी भेटून जाईन. अन् ते दोन्ही टोकन इथंच ठेवून जा. टेबलावर. — कोकिळाताई, ठेवा म्हणतो ना.