मुंगी व्हॅनमध्ये नाही

हॅलो? … हो, मीच. … नाही गं, चालवत नाहीये, व्हॅन उभी आहे. … शाळेपाशी नाही, कोपऱ्यावर. चावीवाल्याच्या दुकानासमोर. … अगं, रस्ताच बंद केलाय!

… कुठला म्हणजे? शाळेचा! आडवं लाकूड टाकलंय, लाल-पांढरं. त्यावर पाटी. 'शाळा सुटताना गाड्यांना बंदी.' … सकाळी नव्हतं, आज दुपारपासून सुरू. … कसलं पत्र? … हो, शाळेचं ते, वाचून दाखवलं होतंस. पण ते आईबापांच्या गाड्यांसाठी ना? आपली व्हॅन शाळेचीच म्हणायची की! अकरा वर्षं मुलं ने-आण करतोय मी.

… सांगितलं की त्याला! एकजण पिवळं जाकीट घालून उभा आहे. … पोलीस नाही गं, दातांचा डॉक्टर आहे. कुणाचा तरी बाप. आज त्याची पाळी म्हणे. मी म्हटलं, व्हॅन म्हणजे काही कार नव्हे. तर म्हणतो, मग काय होडी आहे? … हसू नकोस. मला काही सुचत नाहीये.

… मुलं आली. बाईंनी रांग करून इथपर्यंत आणून सोडली. … हो, बसलीत आत. … अगं ऐक ना, मी तुलाच फोन लावणार होतो. सातच आहेत.

… सात. … तीनदा मोजली! … मुंगी नाहीये.

… हो, आपलीच मुंगी, पुढच्या सीटवर बसते ती. … आजारी कशी असेल? सकाळी मीच सोडलं की तिला! … विचारलं ना. गेटवरच्या ताईंनी बाईंना सांगितलं, मुंगी गेली. बाई म्हणतात, व्हॅनकडेच गेली असेल. मी म्हणतो, माझ्याकडे आलीच नाही. मग गेली कुठे? … तेच तर तुला विचारतोय!

… तिच्या आईला लाव. … ठाऊक आहे, लॅबमध्ये त्यांना फोन कपाटात ठेवायला लावतात. तरी लाव. … घरी? घरी आजी असते फक्त. … छे, ती कशी येईल? दोन वर्षांपूर्वी ह्याच रस्त्यावर गाडीचा आरसा लागून पडली ना ती. खुबा मोडला. तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. … लाव, लाव. दुसऱ्या फोनवरून लाव, मी धरतो.

… उचलत नाही? … कमी ऐकू येतं तिला. पुन्हा लाव.

… अगं, मी जातो शोधायला, पण ह्या सातजणांना टाकून कसा जाऊ? … एक मिनिट हं. अहो डॉक्टर! अहो, जरा इकडे या. एक मुलगी सापडत नाहीये. … सहा वर्षांची. … तुम्ही थांबता? … नक्की? … ही घ्या किल्ली. … हॅलो? हो, डॉक्टर थांबलाय व्हॅनपाशी. आत्ता तर भांडत होतो गं मी त्याच्याशी. … चाललो मी आत. पायी.

… नाही, दिसत नाही अजून. … अगं, पोरं रस्ताभर पसरलीत. खडूने डांबरावर चित्रं काढताहेत. दोन आया मधोमध उभ्या राहून गप्पा मारताहेत, जसं काही अंगणच आहे. … हो हो, बघतोय! पण कुठे बघू? एरवी मी हा रस्ता आरशातून बघतो. कोण कुठून मागे येतंय, एवढंच. आता सगळीच मुलं सारखी दिसताहेत. … इथे शिंप्याचं दुकान आहे, तुला माहीत होतं? … बरं, बरं, नाही थांबत.

शिंपीदादा, एवढीशी मुलगी, दोन वेण्या, निळं दप्तर? … नाही बघितली म्हणतोय. … हॅलो? अगं, आता तू रडू नकोस. तू रडायला लागलीस तर मी काय करायचं?

… निळं दप्तर! थांब… नाही. ही दुसरीच.

… अगं… अगं, ती बघ! म्हणजे तुला कसं दिसणार! मुंगी! सापडली, सापडली! … हो, ठीक आहे. उलटी चालतेय. … उलटी म्हणजे मागे मागे. समोर कुणीतरी वॉकर घेऊन येतंय आणि ही 'आता डावा, आता उजवा' असं… आजी आहे गं! … तीच, तिचीच आजी! रस्त्याच्या अगदी मधोमध! … मला तरी कुठे खरं वाटतंय!

आजी! अहो आजी! … रागावत नाहीये, तुम्हाला ऐकू यावं म्हणून ओरडतोय. … एकट्या आलात?

… हॅलो, ऐक. आजीने ते पत्र वाचलं. मग आठवडाभर घरातल्या घरात चालून बघितलं, लेकीलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. आणि आज आली नातीला न्यायला. गेटवरच्या ताईंना सांगूनच निघाली. त्यांनी बाईंना सांगितलं नुसतं 'गेली'. बाईंना वाटलं, व्हॅनकडे. … कुणाला रागावू? रागवायचंच होतं मला.

… काय गं मुंगे? … अगं, ती म्हणते, काका, उद्यापासून मी आजीबरोबर जाणार, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. … छान, म्हटलं. … छानच आहे ना? … मग उद्या पुढच्या सीटवर कुणाला बसवू?

… हो, निघतोच, पोरं खोळंबलीत. पण आजी फार सावकाश चालते गं. पाच पावलं झाली की थांबते. … अरे, हे काय? पलीकडच्या टोकाचं लाकूड उचललं! … वेळ संपली म्हणताहेत. … अगं, गाडी आली आत. मागोमाग दुसरी. आजी अजून मधेच आहे! … आजी, कडेला… नको, नको, घाई करू नका, पडाल! मुंगे, तू तिच्याजवळच थांब.

… तेच तर! आत्तापर्यंत मी रस्ता उघडा म्हणून डोकं खात होतो, आणि आता… कळत नाहीये मला, काही म्हणजे काही कळत नाहीये. … हो, उभा राहिलोय. मधोमध. … अहो! थांबा! तिथेच थांबा! … तुमची वेळ झाली असेल, ह्यांची नाही झाली! … अगं, ठेव तू. ठेव म्हणतो ना फोन. दोन्ही हात लागणार आहेत मला.