उजेडाची राखण

— न्हाई रं वीरधवल, कॉम्प्युटरचं झाकण मग खोल, आदी ऐक — लाईट गेली, एवढंच झालंय. सकाळी धाला, मिनिटभर. सणादिवशी विट्यातलं दुकान सोडून आलास, तुला कशाला खोटं सांगू? आतलं परत निघतंय का तेवढं बघ. आमची पोरगी शिवांजली सांगलीला लॅबच्या सरांकडं गेलीय, पाचच्या यष्टीनं यील — आली की चपला काढायच्या आदी कॉम्प्युटरवर हात ठेवती. गरम लागला म्हंजी चालू हाय.

काय मोजत हुता म्हंतोस? उजेड. हसू नको. तिनंच सांगितलंय मला — उजेडाचे बारीक कण आरशांतनं सोडायचे, एकेक कण म्हणं इकडं बी जातो आन तिकडं बी, मग कुठनं किती भाईर पडतील ते काढायचं. खरं यंत्र परदेशात हाय, त्यात खराच उजेड, पापणी लवायच्या आत उरकतंय. आपल्या ह्या डब्याला तेच नुसत्या आकड्यांनी करायचं म्हंजी एकोणीस दिवस झालं, चालूच. एक कण वाढवला की येळ दुप्पट. आन सोमवारी आकडे दिले न्हाईत तर लॅबमधली तिची जागा दुसऱ्याला. — मधी मधी साठवलं न्हाई का? न्हाई. त्यात येळ जातो म्हणाली. म्हणाली, अप्पा, राखणीला तुमी हायसा की. मग काय, हवालदार लालासाहेब पहाऱ्यावर — एकोणीस दिवस घरात मिक्सर लावू दिला न्हाई. नवा इन्व्हर्टर आणला.

व्हय. इन्व्हर्टर चालू हाय. बरोबर बघितलंस. लाईट न्हाई गेली.

आज खंडेनवमी न्हवं का — ट्रॅक्टर धुतला, कोयती-खुरपी मांडली, म्हटलं पोरीचं हत्यार तेवढं बिनपुजेचं कसं ठेवायचं? आन पलटणीत आमचा नियमच, भरलेलं हत्यार पुजायचं न्हाई. रिकामं करायचं, पुसायचं, मग कुंकू. बटण दाबलं. पाच मिनटं रं, पाचच मिनटं. नारळ फोडला, परत बटण दाबलं, वाटलं ट्रॅक्टरासारखं थांबलं हुतं तितनं फुडं जाईल. वर चिठ्ठी हुती तिची, ‘बंद करू नये’. ती मीच काढून ठेवली — कुंकू लावायला जागा पायजे हुती.

न्हाईच निघत? परत बघ की. बरं. मग तूच सांग तिला, आतलं कायतरी जळलं म्हणून. तुझं ऐकंल ती. मान का हलवतोस, एवढं कर की गड्या. सतरा वर्षं पहारा दिला, एक डाव डोळा लागला न्हाई माझा, आन घरात — लय वंगाळ झालं रं. पोरीला काय तोंड दावू?

फाटक वाजलं. उचल तुझं सामान, मागच्या दारानं जा. जा म्हंतो न्हवं.

आलीस व्हय गं? बस. पाणी देतो. — हात नको लावू त्याला, बाळा. ऐक माझं. गार हाय.